घाम मात्र फुटतो

2008 च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये उत्तर कोरियाचा नेमबाज किम जाँग-सू याला पिस्तुलाच्या नेमबाजीत एक रौप्य आणि एक कांस्य पदक मिळालं. थोड्याच दिवसांत दोन्ही काढून घेतली गेली. त्याच्या चाचणीत सापडलं होतं प्रोप्रॅनोलॉल. हे ताकद वाढवणारं औषध नव्हे. ही हृदयरोग्यांची गोळी. पण ती घेतली की हाताचा कंप कमी होतो, आणि नेमबाजाला आणखी काय हवं?

स्कॉटिश शास्त्रज्ञ जेम्स ब्लॅक यांनी 1960 च्या दशकात ही गोळी शोधली ती अंजायनासाठी, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडून होणाऱ्या छातीदुखीसाठी. अरुंद झालेल्या धमन्यांतून हृदयाला जास्त रक्त कसं पोचवायचं, याच्या मागे तेव्हा सगळे होते. ब्लॅकनी प्रश्नच उलटा केला: हृदयाची प्राणवायूची गरजच कमी केली तर? घाबरल्यावर सुटणारं अॅड्रेनलिन हृदयातल्या ज्या बीटा रिसेप्टरना चिकटतं, ती जागा प्रोप्रॅनोलॉल आधीच अडवून बसतं. ठोके आवरते राहतात. 1988 मध्ये ब्लॅकना नोबेल मिळालं.

भाषणाआधी, वाद्यवादनाआधी ज्यांचे हातपाय लटपटतात, त्यांनाही डॉक्टर ही गोळी देऊ लागले. छाती धडधडत नाही म्हटल्यावर मनालाही वाटतं, फारसं काही घडत नसावं. मला यातली ही गंमत सर्वात जास्त आवडते. पण महिनोन् महिने पाठ न सोडणाऱ्या चिंतेवर तिचा उपयोग होतो, याचा पुरावा तोकडाच आहे.

आणि मैत्रिणीच्या पर्समधून मागून घ्यायची ही गोळी नव्हे. बीटा रिसेप्टर श्वासनलिकांतही असतात. ते अडले की दमेकऱ्याचा श्वास कोंडतो. ज्यांची नाडी मुळातच मंद, त्यांची आणखी मंदावते. रोज घेणाऱ्या हृदयरोग्याने ती एकदम बंद केली, तर दबलेलं अंजायना उसळून येतं, कधी हृदयविकाराचा झटकाही येतो.

इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेहींचा प्रश्न वेगळाच. साखर उतरली की हात थरथरतात, छाती धडधडते, आणि माणूस पटकन साखर तोंडात टाकतो. गोळी ही धडधड आणि थरथर दोन्ही दाबते. घाम मात्र फुटतो, कारण घर्मग्रंथींना निरोप पोचवणारं रसायन वेगळं आहे, अॅसिटिलकोलिन. तिथे या गोळीचं काही चालत नाही.