रात्री वर, दुपारी खाली

आमच्या शाळेच्या वाटेवर एक तळं आहे. उन्हाळ्यात सकाळी पाहावं, तर पाण्यावर हिरवा रंग सांडल्यासारखा दाट थर! दुपारी शाळा सुटल्यावर पाहावं, तर तो बराच विरळ. "बाई, ते हिरवं कुठं गेलं?" चौथीतल्या एका मुलीनं विचारलं. थोडं वाऱ्यानं पांगलं होतं आणि बाकीचं चक्क बुडालं होतं!

आपण याला शेवाळ म्हणतो. पण बऱ्याचदा असा थर नील-हरित जीवाणूंचा असतो. शास्त्रज्ञ त्यांना सायनोबॅक्टेरिया म्हणतात. गोड्या पाण्यात नेहमी भेटणारा त्यांतला एक म्हणजे मायक्रोसिस्टिस. त्याला ना हात, ना पाय, ना शेपटी. मग तो खाली-वर करतो कसा?

त्याच्या पेशीत अतिसूक्ष्म, पोकळ नळकांडी असतात. त्यांची भिंत प्रथिनांची. आत वायू जातो, पाणी मात्र शिरत नाही. विहिरीत पोहायला शिकताना आपण पाठीला डबा बांधतो ना, तसाच हा डबा! १८९५ साली क्लेबान या जर्मन शास्त्रज्ञानं तरंगणारे असे जीवाणू पाण्यासकट बाटलीत भरले, घट्ट बूच बसवलं आणि बुचावर हातोडी हाणली. दाबानं आतली नळकांडी चेपली आणि तरंगणारे जीवाणू बुडू लागले.

पण तळ्यात हातोडी कोण मारणार? तिथं काम करतं ऊन. उजेडात हे जीवाणू झाडांसारखं स्वतःचं अन्न तयार करतात. जास्तीचं अन्न पिष्टमय पदार्थाच्या रूपात पेशीत साठतं. हा साठा पाण्यापेक्षा जड. डबा तोच, पण ओझं वाढलं. मग जीवाणू खाली जातात. खाली उजेड कमी. तिथं आणि रात्रीच्या अंधारात साठा खर्च होतो, ओझं घटतं आणि डबा त्यांना पुन्हा वर आणतो. म्हणून वारा पडलेल्या रात्रीनंतर सकाळी थर दाट दिसतो.

करून पाहा : होमिओपॅथीच्या गोळ्यांची रिकामी बाटली बूच लावून बादलीतल्या पाण्यात सोडा. ती तरंगेल. आता तिच्यात थोडी थोडी वाळू घालत जा. एका क्षणी ती बुडेल. थोडी वाळू काढा, पुन्हा वर येईल!

ही नुसती गंमत नाही बरं का. ऑगस्ट २०१४ मध्ये अमेरिकेतल्या टोलेडो शहरात चार लाखांहून अधिक लोकांना नळाचं पाणी पिऊ नका, असं सांगावं लागलं. ईरी सरोवरात मायक्रोसिस्टिस माजला होता आणि यकृताला घातक असं त्याचं विष शहराच्या पाण्यात आढळलं होतं. पाणी उकळूनही हे विष जात नाही. उलट पाणी आटतं आणि विष दाट होतं! प्रत्येक हिरवा थर विषारी नसतो, पण नुसतं पाहून ते ओळखता येत नाही.

आणि दुपारी थर दिसला नाही, म्हणजे पाणी शुद्ध झालं असंही नाही. तो खालीच असतो! हे ऐकल्यावर त्या मुलीनं विचारलं, "बाई, आमची म्हैस तिथंच पाणी पिते. मग?" दुसऱ्या दिवसापासून तिच्या आजोबांनी म्हैस विहिरीजवळच्या हौदावर न्यायला सुरुवात केली.

सांडपाणी आणि शेतातून वाहून येणारं खत यांवर हे जीवाणू माजतात. तेव्हा मुलांनो, हिरव्या थराच्या पाण्यात पोहू नका, ते पिऊ नका, गुरांनाही पाजू नका. आणि हे आज घरी नक्की सांगा!