वेंगुर्ल्याच्या समुद्रात बाळापूरची दुर्बीण

आखाडा बाळापूरच्या माणसाला सुरय पक्षी पाहायचा तर इसापूरचं धरण पुरतं. पैनगंगेच्या अडवलेल्या पाण्यावर नदी सुरय घिरट्या घालतो आणि आपण काठावरच्या दगडावर बसून निवांत पाहतो. पायाखालची जमीन हलत नाही ही सोय केवढी, ते वेंगुर्ल्याच्या समुद्रात गेल्यावर कळतं. दुर्बीण डोळ्याला लावली की आधी आभाळ, मग पाणी, मग होडीचा कठडा, पुन्हा आभाळ. पक्षी या तिन्हींच्या मध्ये कुठेतरी असतो. होडी हाकणाऱ्या तांडेलांनी तोडगा सांगितला: गुडघे थोडे वाकवा, कंबर होडीबरोबर जाऊ द्या, आणि आधी नुसत्या डोळ्यांनी बघा.

हिवाळ्यात पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो आणि पाणी सपाट असतं. दिवस चढून तो उलटला की लाटांचे शेंडे पांढरे होतात, मग डॉल्फिनचा पर आणि लाट यांत फरक कळत नाही. म्हणून डॉल्फिन आणि समुद्री पक्ष्यांची मोजणी, जिच्यासाठी मी इथे आलो होतो, उजाडताच सुरू होते.

पद्धत साधी आणि कंटाळवाणी आहे. होडी नकाशावर आखलेल्या रेषेवरून एकाच वेगाने जाते. पुढे दोन जण उभे, एक डावीकडचं पाणी बघतो, दुसरा उजवीकडचं. तिसरा मांडीवर पाटी घेऊन लिहितो: वेळ, ठिकाण, कोणता प्राणी, किती, होडीच्या रेषेशी कोन केवढा, अंतर अंदाजे किती. कोन आणि अंतर मिळालं की तो प्राणी रेषेपासून किती बाजूला होता ते निघतं, आणि लांबचे किती नजरेतून निसटत असतील याचाही अंदाज बांधता येतो. डोळे थकतात, म्हणून जागा थोड्या थोड्या वेळाने बदलायच्या. उरलेलं काम म्हणजे रिकामं पाणी बघणं. किती किलोमीटर पाहिलं आणि काहीच दिसलं नाही, हे नेमकं लिहिलेलं नसेल तर दिसलेल्या आकड्याला अर्थ उरत नाही. ‘डॉल्फिन दाखवतो’ म्हणणाऱ्या पर्यटकांच्या होड्या पर दिसला की इंजिन वाढवून त्याच्या अंगावर जातात. मोजणीच्या होडीचं बरोबर उलटं असतं, आणि मला तीच शहाणी वाटते.

डॉल्फिन अजून दिसला नव्हता, पक्षी मात्र भरपूर. तुरेवाले सुरय दोन जातींचे, लांबून एकसारखेच. थोरल्याची चोच पिवळी, धाकट्याची नारिंगी. पण सकाळच्या तांबूस उजेडात दोन्ही नारिंगीच दिसतात, तेव्हा अंगाचा आकार आणि पाठीचा रंग पाहायचा. ट्रॉलरमागे कुरवांची झुंबड. त्यांतले तपकिरी डोक्याचे कुरव उन्हाळ्यात लडाख-तिबेटच्या गोड्या-खाऱ्या तळ्यांवर अंडी घालतात आणि इथे येऊन समुद्राचं पाणी पितात. डोळ्यांच्या वर त्यांना मीठ गाळणाऱ्या ग्रंथी असतात. जादा मीठ दाट थेंबांतून नाकपुड्यांवाटे बाहेर पडतं.

तेवढ्यात तांडेल म्हणाले, “पाखरां जंय, थंय मासो आसा.” लांब सुरयांचा थवा एकाच जागी पाण्यात सूर मारत होता. आमच्या दुर्बिणी अजून त्या दिशेला वळतच होत्या, तोवर त्यांनी पुढचं सांगितलं: “गादे!” गादा म्हणजे डॉल्फिन. इथला नेहमीचा, पाठीवर वशिंड असलेला. तो उथळ पाण्यात, किनाऱ्याजवळ राहतो, म्हणजे नेमका तिथेच जिथे जाळी असतात. वर येताना आधी लांब तोंड तिरकं बाहेर येतं, मग वशिंड, त्यावर छोटा पर, आणि सगळं दोन-तीन सेकंदांत खाली. संख्या तीन आकड्यांत लिहायची: कमीत कमी किती, जास्तीत जास्त किती, आणि मनाला पटतील तितके. मी पाच म्हणालो, शेजारचा आठ. तांडेलांना विचारलं तर ते हसले, म्हणाले, जाळ्यापाशी आले की मोजायला बसत नाही आम्ही.

निवतीसमोर वेंगुर्ला रॉक्सचे खडक दिसत होते, एकावर दीपगृह. याच खडकांवर 1875 मध्ये ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम पक्ष्यांचा शोध घेत आले होते. काँग्रेसच्या स्थापनेशी ज्यांचं नाव जोडलेलं आहे, तेच. तिथल्या गुहेत पाकोळ्या लाळेची घरटी करतात. या घरट्यांची चोरी व्हायची, ती थांबवण्यासाठी चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेने काम केलं. एका जातीचे सुरयही इथे वीण करतात, पण ऐन पावसाळ्यात, जेव्हा कुणाची होडी तिकडे फिरकत नाही.

साडेदहाच्या सुमारास वारा फिरला, शेंडे पांढरे झाले आणि मोजणी बंद केली. परतताना बंदराच्या तोंडाशी पुन्हा गादे भेटले, सकाळपेक्षा कितीतरी जवळ. ते मोजणीत धरायचे का यावर होडीत जरा वाद झाला. निरीक्षण थांबवल्यानंतर दिसलेला प्राणी मुख्य आकड्यात येत नाही, असा नियम आहे. त्यांची नोंद वेगळ्या रकान्यात गेली.