‘फ्री’ : इंग्रजी शब्दाचे स्पॅनिश भाषांतर

‘फ्री’ : इंग्रजी भाषेतील एक अनेकार्थी शब्द. विशेषण, क्रियाविशेषण व क्रियापद अशा तिन्ही रूपांत तो वापरला जातो. स्वतंत्र, बंधमुक्त, मोकळा, रिकामा, विनामूल्य, रहित इ. अर्थ त्यात सामावलेले असून स्पॅनिशमध्ये त्यांच्यासाठी वेगवेगळे शब्द योजावे लागतात. कोशात पहिला दिलेला प्रतिशब्द सरसकट वापरल्यास अर्थाचा विपर्यास होतो. भाषांतरमीमांसेत अनेकार्थकतेचे उदाहरण म्हणून हा शब्द उपयुक्त ठरतो. कारण यातील चूक केवळ शैलीची न राहता कधीकधी व्यक्तीच्या मूलभूत हक्कापर्यंत जाऊन पोहोचते.

‘फ्री’चे प्राचीन इंग्रजी रूप ‘फ्रेओ’ असे होते. ज्या इंडो-यूरोपीय मूळ शब्दापासून ते आले, त्यापासूनच संस्कृतातील ‘प्रिय’ हा शब्द आला आहे. प्रिय म्हणजे आपल्या कुळातला, म्हणून दास नव्हे तो, असा हा अर्थविकास जर्मानिक भाषांत झाला. पुढे ‘बंधन नसलेला’ या अर्थातून ‘देण्याचे बंधन नसलेला’ म्हणजे ‘फुकट’ हा अर्थ इंग्रजीत निघाला व दोन्ही अर्थ एकाच शब्दात नांदू लागले. स्पॅनिशमध्ये मात्र ते बऱ्याच अंशी वेगळे राहिले. स्वातंत्र्यवाचक ‘लिब्रे’ हा शब्द लॅटिन ‘लिबेर’ वरून, तर विनामूल्य या अर्थाचे ‘ग्रातिस’ व ‘ग्रातुइतो’ हे शब्द कृपा किंवा अनुग्रह दर्शविणाऱ्या लॅटिन शब्दकुलातून आले आहेत. या बाबतीत मराठी स्पॅनिशला अधिक जवळची आहे. ‘मुक्त’ व ‘मोफत’ (मूळ फार्सी ‘मुफ्त’) यांची गल्लत मराठी वाचक सहसा करीत नाही.

संयुक्त राष्ट्रांनी १० डिसेंबर १९४८ रोजी स्वीकारलेल्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात हा भेद स्पष्ट दिसतो. पहिल्या अनुच्छेदात माणसे जन्मतः ‘फ्री’ असतात, तेथे स्पॅनिश संहितेत ‘लिब्रेस’ हे अनेकवचन आहे. सव्विसाव्या अनुच्छेदात शिक्षण ‘फ्री’ असावे असे म्हटले आहे, तेथे ‘ग्रातुइता’ हे स्त्रीलिंगी रूप येते. एकाच इंग्रजी दस्तऐवजातील एकच शब्द, पण तो कोणत्या नामाला लागला आहे हे पाहूनच प्रतिशब्द ठरला आहे. भारतातील २००९ च्या शिक्षणहक्क अधिनियमाच्या मराठी नावातही ‘मोफत’ हाच शब्द आहे. तेथे ‘मुक्त’ योजला असता, तर ‘सक्तीचे’ या पुढील विशेषणाशी तो विसंगत ठरला असता.

व्यक्ती, इच्छा, वेळ, गती यांच्याबाबतीत बहुधा ‘लिब्रे’ चालते. उदा., ‘त्येंपो लिब्रे’ (फावला वेळ), ‘वेर्सो लिब्रे’ (मुक्तच्छंद), ‘काईदा लिब्रे’ (मुक्त पतन). यातही ‘असणे’ या अर्थाची ‘सेर’ व ‘एस्तार’ ही दोन स्पॅनिश क्रियापदे अर्थ बदलतात : ‘सेर लिब्रे’ म्हणजे स्वतंत्र असणे, ‘एस्तार लिब्रे’ म्हणजे सध्या मोकळे वा रिकामे असणे. टॅक्सी किंवा आसन रिकामे असल्यास दुसरी रचना येते. ‘शुगर फ्री’सारख्या समासात ‘सिन’ (विना) हे शब्दयोगी वापरतात. करमाफीसाठी ‘एक्सेंतो’ किंवा ‘लिब्रे दे’. जकातमुक्त बंदरासाठी ‘प्वेर्तो फ्रांको’. कैद्याला सोडणे या अर्थी क्रियापदाचे भाषांतर ‘पोनेर एन लिबेर्ताद’ असे होते. प्रदेशभेदही आहेच. ‘तीरो लिब्रे’ म्हटले, की लॅटिन अमेरिकेत फुटबॉलमधील ‘फ्री किक’ही समजली जाते, तर स्पेनमध्ये बास्केटबॉलमधील ‘फ्री थ्रो’ आठवतो.

‘लिब्रे’ म्हणजे कधीच विनामूल्य नव्हे, असा नियम काही शिक्षक सांगतात. तो मात्र खरा नाही. मेक्सिकोत पथकर न लागणाऱ्या रस्त्याला ‘कार्रेतेरा लिब्रे’ म्हणतात. ‘एंत्रादा लिब्रे’ या पाटीचा अर्थ प्रवेशास अडकाठी नाही असा असला, तरी व्यवहारात तिकीट लागत नाही असाच तो घेतला जातो. मेजवानीतील ‘बार्रा लिब्रे’मध्ये पेयांचे वेगळे पैसे पडत नाहीत. या सर्वांत मूळ कल्पना अडथळा नसण्याची आहे. पैसा हा त्या अडथळ्याचा एक प्रकार. रस्ता व प्रवेशद्वार यांना ती लागू पडते, माणसाला लागत नाही. ‘आबोगादो लिब्रे’ म्हणजे फी न घेणारा वकील नव्हे, तर दुसऱ्या कामात गुंतलेला नसलेला वकील.

नेमकी हीच चूक अमेरिकेच्या नवव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयापुढे २०१३ मध्ये आली. ‘मिरांडा विरुद्ध ॲरिझोना’ (१९६६) या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानुसार, अटकेतील व्यक्तीला प्रश्न विचारण्यापूर्वी तिचे हक्क पोलिसांनी तिला सांगावे लागतात. मौन राखण्याचा हक्क आणि ऐपत नसल्यास शासनाने वकील नेमून देण्याचा हक्क हे त्यांत येतात. या प्रकरणात पोलीस अधिकाऱ्याने स्पॅनिशमध्ये सूचना देताना वकिलाला ‘लिब्रे’ हे विशेषण लावले, शिवाय असा वकील ‘मिळू शकेल’ अशी मोघम रचना केली. ऐकणाऱ्याच्या दृष्टीने त्याचा अर्थ, एखादा वकील रिकामा असेल तर मिळेल, असा होत होता. वकील देणे हे शासनाचे निरपवाद कर्तव्य असताना ते वकिलाच्या सवडीवर अवलंबून असल्याचा समज त्यातून होतो, असे न्यायालयाने म्हटले व ती सूचना अपुरी ठरविली. इंग्रजीत आधी बिनचूक सूचना दिली होती, एवढ्याने दोष दूर होत नाही. दोहोंपैकी कोणती खरी हे आरोपीला सांगितले गेले नव्हते. येथे ‘ग्रातिस’ हा एक शब्द पुरेसा होता. किंबहुना विशेषण टाळून, खर्च शासन करील, असे सरळ वाक्य करणे अधिक सुरक्षित. कुशल दुभाषे अशा जागी तेच करतात.

याच्या उलट, इंग्रजीची उणीव स्पॅनिशने भरून काढल्याचेही एक उदाहरण आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ‘ग्नू’ प्रकल्प जाहीर केला. त्यातून पुढे आलेल्या ‘फ्री सॉफ्टवेअर’ चळवळीला आज्ञावली वापरण्याचे, अभ्यासण्याचे, बदलण्याचे व वाटण्याचे स्वातंत्र्य अभिप्रेत होते, किंमत नव्हे. इंग्रजी वाचकांना ही गोष्ट पुनःपुन्हा समजावून द्यावी लागली. स्पॅनिशमध्ये ‘सॉफ्टवेअर लिब्रे’ म्हणताच संदिग्धता उरत नाही. त्यामुळे फ्रेंच व स्पॅनिश या दोन्ही भाषांत असलेला ‘लिब्रे’ हा शब्द इंग्रजी लेखकांनीही या अर्थी उचलला. २०१० मध्ये सुरू झालेल्या ‘लिब्रेऑफिस’ या आज्ञावलीसमूहाच्या नावात तो आढळतो.