चित्रांच्या विक्रीतून जुने रान सावरेल काय?

सुरत म्हटले की हिरे आणि कापड हेच प्रथम डोळ्यांसमोर येते. मात्र या शहराचे लाकडाशीही जुने नाते आहे. येथील जहाजबांधणीत निष्णात असलेल्या लवजी वाडिया यांना ईस्ट इंडिया कंपनीने १७३६ साली मुंबईत गोदी उभारण्यासाठी नेले. पुढे १८४२ मध्ये इंग्रजांनी सुरतेच्या आग्नेयेकडील डांगची जंगले भिल्ल राजांकडून भाडेपट्ट्याने घेतली, तीही जहाजांना लागणाऱ्या सागावर डोळा ठेवूनच. त्यानंतरच्या तोडीने येथील पुरातन रान विरळ झाले.

तोड थांबली तर काय घडू शकते, हे डांगला लागून असलेल्या वांसदा राष्ट्रीय उद्यानात दिसते. सुमारे २४ चौरस किलोमीटरच्या या वनात १९५२ पासून वृक्षतोड झालेली नाही. पूर्वी वांसदा संस्थानच्या मालकीचे असलेले हे रान आज दाट आहे. अन्यत्र असे रान पुन्हा उभे करायचे तर पैसा लागतो, आणि त्यासाठी कलाकृतींची विक्री हा एक मार्ग मानला जातो.

या मार्गाला भारतात पूर्वाधार आहे. ब्रिटिश चित्रकार डेव्हिड शेफर्ड यांच्या ‘टायगर फायर’ या चित्राने १९७३ मध्ये भारतातील व्याघ्र संरक्षणासाठी सुमारे १ लाख २७ हजार पौंड मिळवून दिले. मूळ चित्र एकदाच विकले जाते. परंतु त्याच्या स्वाक्षरीयुक्त, मर्यादित प्रती काढल्यास एकाच कलाकृतीतून अनेकदा निधी मिळू शकतो.

सुरतेच्या दक्षिणेस तर रानातच जन्मलेली कला आहे. वारली स्त्रिया लग्नप्रसंगी मातीच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात आणि त्यात पालघाट देवीची स्थापना करतात. १९७०च्या दशकात ही चित्रे कागदावर आली. जिव्या सोमा म्हसे यांनी ती जगभर पोहोचवली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आज कापडापासून भेटवस्तूंपर्यंत सर्वत्र वारली आकृत्या दिसतात. मात्र ज्या रानातून ही कला आली, त्याच्या वाट्याला या उलाढालीतून आपोआप काही येत नाही. तो वाटा विक्रीपूर्वीच ठरवावा लागतो, आणि कलावंताचा मोबदला वळता करून नव्हे, तर तो देऊन झाल्यावर.

निधी खर्च कशावर करायचा, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. एकाच जातीची रोपे रांगेत लावल्याने जुने रान परत येत नाही. सागाच्या तोडलेल्या बुंध्यालाही धुमारे फुटतात. त्यांना वणवा आणि अनिर्बंध चराई यांपासून जपावे लागते. जाळरेषा, राखणदार, स्थानिक बियाण्यांची रोपवाटिका ही कामे तुलनेने कमी खर्चाची, पण वर्षानुवर्षे चालणारी आहेत. चित्रविक्रीचे उत्पन्न मात्र अनियमित असते. म्हणूनच ते एका पावसाळ्यात संपवण्याऐवजी ठेव म्हणून राखून त्याच्या व्याजातून राखणदारांचे वेतन देणे अधिक शहाणपणाचे ठरते. २००६च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभांना सामूहिक वनांच्या संरक्षणाचा आणि पुनरुज्जीवनाचा अधिकार दिला आहे. त्यामुळे हा निधी त्यांच्या संमतीनेच वापरला जावा.

गोव्यालाही हा विषय परका नाही. सत्तरीतील निरंकाराची राय कोणत्याही निधीवाचून टिकली, कारण गावाने ती देवाची मानली. चित्र विकून राखणदाराचे वेतन देता येईल. रान आपले आहे ही भावना मात्र गावालाच जपावी लागेल.