साखर उतरत नाही? हिरड्या दाखवल्या का?

गोळ्या वेळेवर घेतल्या जातात, चहातली साखर कधीच बंद झालेली असते, सकाळचे चालणेही चुकत नाही. तरीही ‘तीन महिन्यांची साखर’, म्हणजे एचबीए१सी, साडेआठच्या खाली येत नाही. अशा रुग्णाचे डोळे, पाय, मूत्रपिंडे तपासली जातात. पण ‘दात घासताना रक्त येते का?’ हा प्रश्न बहुधा राहूनच जातो.

मधुमेह आणि हिरड्यांचा आजार यांचे नाते दुहेरी आहे. साखर सतत जास्त राहिली की जंतूंशी लढण्याची ताकद कमी होते, हिरड्या सुजतात, दाताला धरून ठेवणारे हाड झिजू लागते. यालाच लोक पायोरिया म्हणतात. दुसरीकडे, हिरडीखाली धुमसणाऱ्या या सुजेतून दाह वाढवणारी द्रव्ये रक्तात मिसळत राहतात. त्यामुळे इन्सुलिनचा परिणाम कमी होतो आणि साखर आणखी वाढते.

मग हिरड्यांवर उपचार केल्यास साखर उतरते का? याचे उत्तर सहजासहजी मिळाले नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील ५१४ रुग्णांच्या अभ्यासात सहा महिन्यांनंतर काहीच फरक आढळला नव्हता. मात्र ‘कॉक्रेन’ने २०२२ मध्ये ३५ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला, तेव्हा चित्र बदलले. उपचारानंतर तीन-चार महिन्यांनी एचबीए१सी सरासरी ०.४३ अंकांनी, तर सहा महिन्यांनी ०.३० अंकांनी कमी होते, असे त्यात दिसले. म्हणजे साडेआठ असलेला आकडा आठच्या जवळ येऊ शकतो. ही घट छोटी, पण उपयोगाची आहे. अर्थात, ती गोळ्यांना पर्याय नव्हे, त्यांना जोड आहे.

हा उपचार म्हणजे दातांवरचे आणि हिरडीखाली मुळांवर साचलेले कीटण काढणे. ‘दात साफ केले की ते हलतात’ हा समज अनेकांना दंतवैद्यापासून दूर ठेवतो. खरे तर हाड झिजल्याने दात आधीच सैल झालेला असतो. कीटण निघाल्यावर ते जाणवते, एवढेच.

हिरड्यांतून रक्त येणे, तोंडाला दुर्गंधी, दातांमध्ये वाढणाऱ्या फटी ही लक्षणे अंगावर काढू नयेत. दुखत नाही म्हणून आजार नाही, असेही नाही. दंतवैद्याकडे उपाशीपोटी जाऊ नये. नेहमीचा नाश्ता आणि औषधे घेऊनच जावे, नाहीतर साखर एकदम उतरू शकते. रक्त पातळ करणारी गोळी सुरू असल्यास तसे आधी सांगावे, ती परस्पर बंद करू नये. मिश्री तर पूर्ण सोडावी; ती दात स्वच्छ करत नाही, तंबाखू मात्र हिरड्यांना चोळते.

दिवसातून दोनदा ब्रश आणि डॉक्टर सांगतील तेव्हा दातांची तपासणी, एवढे केले तरी खूप. मधुमेहाच्या फाइलमध्ये डोळ्यांच्या आणि पायांच्या नोंदीखाली हिरड्यांसाठीही एक ओळ हवी.