शंकरपटाचा छकडा आणि घरीं बांधलेली शर्यतीची मोटार

कपाशीची वेचणी आटोपत आली आणि तूर-ज्वारी घरांत येऊं लागली, म्हणजे बुलढाणा जिल्ह्यांतील शेतकऱ्यांच्या बोलण्यांत शंकरपटाचा विषय निघूं लागतो. पावसाळ्यापासून वखर आणि डवरा ओढणाऱ्या बैलांना थोडी उसंत मिळालेली असते, रानें मोकळीं झालेलीं असतात आणि माणसांच्या हातांतहि चार पैसे खेळूं लागलेले असतात. मग एखाद्या गांवाबाहेर जमिनीचा एक लांबट, सरळ पट्टा दगडगोटे वेंचून साफ केला जातो. दोन्ही कडांना माणसांची दाटी होते. एका टोकाला हलका छकडा जुंपलेली बैलजोडी थरथरत उभी राहते आणि इशारा होतांच समोरच्या टोकाकडे सुटते. कांहीं ठिकाणीं दोन जोड्या शेजारीं-शेजारीं धांवतात, कांहीं ठिकाणीं एकेक जोडी एकटीच घड्याळाशीं झुंजते. रीत कोणतीहि असो, सारा सामना थोड्या सेकंदांत संपतो. वळण नाहीं, चढ नाहीं, मागून येऊन गांठण्याची सोय नाहीं. शहरांतून प्रथमच पाहावयास गेलेल्या माणसाला, धूळ खालीं बसण्यापूर्वींच सर्व आटोपलेलें पाहून, किंचित् फसल्यासारखें वाटतें.

तसें वाटण्याचें कारण एवढेंच, कीं ह्या शर्यतींतील खरें काम शर्यतीच्या आधींच होऊन गेलेलें असतें. तें सुताराच्या अंगणांत, लोहाराच्या भात्यापाशीं आणि गोठ्यांत झालेलें असतें. नेमकी हीच गोष्ट अमेरिकेंत निघालेल्या एका मोटारींच्या शर्यतीला लागू पडते. तिला ड्रॅग रेस म्हणतात. पाव मैल, म्हणजे सुमारें ४०२ मीटर, एवढा सरळ रस्ता. त्यावर दोन मोटारी स्थिर उभ्या असतां सुटतात आणि जी आधीं पलीकडे पोंचेल ती जिंकते. ह्या शर्यतीसाठीं १९५० च्या सुमाराच्या घाटाची मोटार आपल्याच घराजवळच्या शेडमध्यें, आपल्याच हातांनीं बांधावयाची, असा छंद पुष्कळांना आहे. बैलांचा छकडा आणि ही मोटार ह्यांत रूपाचें साम्य मुळींच नाहीं. परंतु दोन्हींच्या बांधणीमागें एकच कोडें आहे. अंतर इतकें थोडें असतां अंगचें बळ कमींत कमी वायां कसें जाईल?

प्रथम छकडा पाहूं. शेतमाल वाहणाऱ्या बैलगाडीला जाड फळ्या, बाजूचीं अडणीं आणि जड लोखंडी धांवेचीं चाकें लागतात, कारण तिला कापसाचें किंवा धान्याचें ओझें खाचखळग्यांतून न्यावयाचें असतें. पटाच्या छकड्याला न्यावयाचा असतो एक माणूस, तोहि क्षणभर. म्हणून सुतार त्यांतून अनावश्यक तें सर्व काढून टाकतो आणि धुरकऱ्याला पाय टेंकण्यापुरता सांगाडा ठेवितो. त्यांतहि चाकांवरची काटकसर सर्वांत फायद्याची. चाकाच्या परिघावर एक किलो वजन असेल, तर गाडीला वेग देतांना तें जवळजवळ दोन किलोंइतकें जड जातें. कारण तें गाडीबरोबर पुढें तर जातेंच, शिवाय स्वतःभोंवतीं फिरतेंहि, आणि ह्या दोन्ही गतींसाठीं बैलांनाच बळ खर्चावें लागतें. बलाची समीकरणें न शिकलेल्या कारागिरालाहि धांव पातळ करण्याचें महत्त्व हातांनींच कळतें.

दुसरी गोष्ट तोलाची. दोन चाकांच्या गाडींत वजन कण्याच्या पुढें पडलें, तर जूं बैलांच्या मानेवर दाबतें; मागें पडलें, तर गाडी उलाळ होते, जूं वर उचललें जातें आणि बैलांचे खूर जमिनींत पुरते रुततच नाहींत. धुरकरी चार बोटें पुढें उभा राहिला कीं मागें, ह्यावर सुटण्याचा क्षण अवलंबून असतो. अंगांत कितीहि जोर असला, तरी खुराला जमिनीनें धरलें पाहिजे. नाहीं तर तो जोर मातीच उडवीत राहतो.

बैलांची निवड आणि जोपासना हें तर स्वतंत्र शास्त्रच आहे. विदर्भांत वर्धा-नागपूरकडील गवळाऊ जातीचे चपळ बैल नांवाजलेले आहेत. पश्चिम महाराष्ट्रांत खिल्लाराचा मान मोठा. सरकीची ढेप, कडबा, डाळीचा चुरा, रोजची चाल आणि अंगाची मालिश ह्यांवर मालक जो खर्च करितो, तो बक्षिसांतून क्वचितच भरून निघतो. हौसेचा हिशेब वहींत मांडावयाचा नसतो, हें अशा घरांतील बायकांना फार पूर्वींच उमगलेलें आहे. आतां मात्र त्यांतील कांहीं जणी स्वतःच कासरा हातीं घेऊं लागल्या आहेत. अमरावती जिल्ह्यांतील तळेगांव दशासर येथील प्रसिद्ध शंकरपटांत महिलांच्या स्वतंत्र शर्यतीहि झाल्या आहेत.

मोटारीच्या छंदाचा उगमहि असाच सामान्य माणसाच्या अंगणांत झाला. १९३२ सालीं फोर्ड कंपनीनें साध्या गिऱ्हाइकाला परवडेल अशा मोटारींत आठ सिलिंडरांचें व्ही आकाराचें इंजिन घातलें. त्याच कंपनीच्या जुन्या, हलक्या मोटारी तोंवर भंगाराच्या भावानें मिळूं लागल्या होत्या. कॅलिफोर्नियांतील तरुणांनीं जुना सांगाडा आणि नवें इंजिन ह्यांची सांगड घातली, मडगार्ड, टप, दिवे असें सर्व काढून टाकलें आणि शर्यतीसाठीं म्यूरॉक, एल मिराज अशा वाळलेल्या सरोवरांचे तळ गांठले. लोणारचें खारें सरोवर पार आटून त्याचा तळ कित्येक मैल सपाट पसरला आहे अशी कल्पना केली, तर ती जागा डोळ्यांपुढें येईल. तेथें वेळ मोजण्यासाठीं १९३७ सालीं एक संघटनाहि निघाली. दुसऱ्या महायुद्धानंतर यंत्रकाम शिकलेले हजारों सैनिक घरीं परतले आणि ही हौस शहरांतील रस्त्यांवर उतरली. एका सिग्नलापासून दुसऱ्या सिग्नलापर्यंत मोटारी पळूं लागल्या, अपघात झाले, वर्तमानपत्रांनीं ओरड केली. अखेर १९५० सालीं सँटा ॲना येथील विमानतळाच्या पट्टीवर रविवारच्या शर्यती सुरू झाल्या. भाग घेण्याची फी होती पन्नास सेंट. पुढच्याच वर्षीं वॉली पार्क्स ह्यांनीं नॅशनल हॉट रॉड असोसिएशन स्थापन केली आणि प्रत्येक मोटारीची सुरक्षिततेच्या दृष्टीनें तपासणी होऊं लागली.

ह्या मोटारींची बांधणी पाहिली, म्हणजे छकड्याची आठवण हटकून होते. पोलादी नळ्या जोडून केलेला लांबट सांगाडा, पुढें सायकलीसारखीं बारीक चाकें आणि मागें रुंद टायर. इंजिन पुढच्या चाकांपासून पुष्कळ मागें सरकवलेलें असतें आणि चालकाची बैठक तर मागच्या आंसाच्याहि पलीकडे. गोफणींत दगड बसवावा तसा तो बसतो, म्हणूनच ह्या घाटाला तिकडे गोफणीचें नांव पडलें. ह्या विचित्र रचनेचें कारण तोलांतच आहे. इंजिनाचें बळ फक्त मागच्या चाकांना मिळतें. म्हणून जेवढें वजन त्या चाकांवर पडेल तेवढी त्यांची जमिनीवरील पकड वाढते. छकड्याचा धुरकरी पाय सरकवून जें साधतो, तेंच येथें सांगाडा बांधतांना कायमचें साधलेलें असतें. वळणावर दोन्ही चाकांना निरनिराळ्या गतीनें फिरूं देणारा जो डिफरन्शियल साध्या मोटारींत असतो, तो येथें वेल्डिंग करून पक्का जोडूनहि टाकितात, कारण वळावयाचें नसतेंच. असें केलें नाहीं, तर एक चाक घसरतांच सारें बळ त्याच चाकाच्या वाटेनें निघून जातें.

पकडीविषयीं एक मौजेचा हिशेब आहे. टायर आणि रस्ता ह्यांमधील घर्षण मोटारीच्या वजनापेक्षां अधिक असूं शकत नाहीं, असें धरलें तर मोटारीला वेग येण्याचा दर हा वरून सोडलेल्या दगडाच्या दरापेक्षां जास्त होणार नाहीं. त्या दरानें ४०२ मीटर तोडावयास सुमारें ९ सेकंद लागतात. म्हणून नऊ सेकंदांच्या आंत ही शर्यत संपणें अशक्य, असें कांहीं जाणत्यांना वाटे. पण मऊ रबराचे, नक्षी नसलेले गुळगुळीत टायर तापून रस्त्याच्या खरबरींत शिरतात आणि चिकटतातहि, हें त्या हिशेबांत धरलेलें नव्हतें. १९६४ सालीं डॉन गार्लिट्स ह्यांनीं हें अंतर ८ सेकंदांच्याहि आंत कापलें आणि शेवटच्या रेषेवर ताशीं २०० मैलांचा वेग ओलांडला.

ह्याच गार्लिट्सच्या आयुष्यांत ८ मार्च १९७० हा दिवस उगवला. गोफणीच्या घाटांत गिअरपेटी चालकाच्या दोन पायांमध्यें येते. कॅलिफोर्नियांतील एका शर्यतींत सुटण्याच्या क्षणींच ती फुटली, मोटारीचे दोन तुकडे झाले आणि त्यांच्या उजव्या पायाचा पुढील भाग गेला. बिछान्यावर पडल्यापडल्या त्यांनीं इंजिन चालकाच्या पाठीमागें ठेवण्याच्या कल्पनेवर विचार केला, १९७१ सालीं तशी मोटार घेऊन ते मैदानांत उतरले आणि जिंकूंहि लागले. थोड्याच वर्षांत मोठ्या शर्यतींतून गोफणीचा घाट नाहींसा झाला. तो आज जिवंत आहे तो हौशी लोकांमुळें. आधुनिक मोटारींचा खर्च एकट्यादुकट्या माणसाच्या आटोक्यांतला नाहीं, आणि जुना घाट साध्या हत्यारांनीं बांधतां येतो. पण जुनें रूप घेतांना जुना धोकाहि बरोबर येतो. तो टाळावा म्हणून गिअरपेटी व क्लच ह्यांभोंवतीं जाड पोलादी कवच, डोक्यावर नळ्यांचा पिंजरा आणि अंगावर आगीपासून वांचविणारा पोषाख असल्याशिवाय आज अशी मोटार शर्यतींत घेत नाहींत. बाहेरून पाहणाऱ्याला १९६० ची वाटणारी मोटार आंतून आजची असते, आणि ती तशीच असावी.

मोटार बांधणारा निदान स्वतःच्या जिवाशीं खेळतो, आणि तें त्याला ठाऊक असतें. बैलाला कोणी विचारलेलें नसतें. शंकरपटावरील सारा वाद ह्या एका फरकांतून उत्पन्न झाला. जोडी पळावी म्हणून टोंचणी, काठी, शेपटी पिरगाळणें असे प्रकार होत, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. २०११ सालीं केंद्र सरकारनें खेळ-प्रदर्शनासाठीं वापरण्यास मनाई असलेल्या जनावरांच्या यादींत बैलाचें नांव घातलें. ७ मे २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें ह्या शर्यती बंद ठरविल्या. महाराष्ट्रानें २०१७ सालीं कायद्यांत दुरुस्ती केली, तरी प्रत्यक्ष मोकळीक मिळाली ती १६ डिसेंबर २०२१ च्या आदेशानें. आणि १८ मे २०२३ रोजीं पांच न्यायाधीशांच्या घटनापीठानें ती दुरुस्ती वैध ठरविली. त्या मधल्या वर्षांत नामांकित जोड्या गोठ्यांत बसून म्हाताऱ्या झाल्या. आतां जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि पशुवैद्याचा दाखला लागतो, धांव १००० मीटरांहून अधिक असतां कामा नये, आणि चाबूक, काठी, टोंचणी ह्यांना बंदी आहे. मोडणाऱ्याला पांच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद होऊं शकते. नियम कडक आहेत. पण केवळ आवाजानें आणि कासऱ्याच्या इशाऱ्यानें जोडी सोडणें हीच धुरकऱ्याची मूळची विद्या, त्यामुळें त्यांत खऱ्या शौकिनाचें कांहींच जात नाहीं. मोटारींच्या जगांतहि असें घडलें आहे. एका चालकाच्या मृत्यूनंतर २००८ सालापासून अमेरिकेंतील सर्वांत वेगवान वर्गाची धांव पाव मैलावरून १००० फुटांवर आणण्यांत आली.

घरीं मोटार बांधण्याचें कसब महाराष्ट्रांत नाहीं असें नाहीं. यशवंतराव चव्हाणांचें जन्मगांव म्हणून ठाऊक असलेल्या सांगली जिल्ह्यांतील देवराष्ट्रें येथें एका कारागिरानें भंगारांतील सुटे भाग जमवून, दुचाकीप्रमाणें पायानें किक मारून सुरू होणारी चारचाकी बनविली. २०२१ च्या डिसेंबरांत तिचें चित्रण पाहून आनंद महिंद्र ह्यांनीं तिच्या बदल्यांत नवी बोलेरो देऊं केली आणि पुढच्या महिन्यांत ती दिलीहि. अशी गाडी रस्त्यावर चालविण्यास कायद्याची आडकाठी येणार, हेंहि त्यांनीं तेव्हांच सांगून ठेवलें होतें. तें बरोबरच होतें. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें मंजुरी नसलेलें वाहन सार्वजनिक रस्त्यावर आणतां येत नाहीं. तेव्हां बुलढाण्यांतील एखाद्या हौशी तरुणानें मोटार बांधली, तरी मेहकर-सिंदखेडराजा भागांतून जाणारा समृद्धि महामार्ग कितीहि सरळ दिसला तरी त्याचा नाहीं. डिसेंबर २०२२ मध्यें खुल्या झालेल्या त्या रस्त्यावर मोटारींना ताशीं १२० किलोमीटरांची मर्यादा आहे, आणि तेथें इतरांचीं मुलेंबाळें प्रवास करीत असतात. शर्यतीला बंद पट्टीच हवी. लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या विमानपट्टीवर अशा सरळ शर्यती भरल्या आहेत.

पट्टीची लांबी ठरवितांना नवखा माणूस ४०२ मीटरच मोजतो. परंतु ताशीं २०० किलोमीटर वेगानें रेषा ओलांडणारी मोटार चारी चाकांना चांगले ब्रेक असतांहि बरेंच अंतर पुढें गेल्याशिवाय थांबत नाहीं. जुन्या घाटाच्या अनेक मोटारींत तर ब्रेक केवळ मागच्या चाकांना असत, आणि थांबतांना वजन पुढें झुकत असल्यामुळें ऐन वेळीं त्याच चाकांची पकड कमी होते. म्हणून वेगवान मोटारींना मागें हवाई छत्री लावितात, आणि पट्टीहि शर्यतीच्या अंतराहून दुप्पट-तिप्पट लांब धरितात. शंकरपटांतहि शेवटच्या रेषेपलीकडे बरेंच मोकळें रान सोडावें लागतें आणि जोडी धरावयास चार धीट माणसें उभीं करावीं लागतात, कारण छकड्याला ब्रेक नसतो आणि शर्यत संपली हें बैलांना कोणी सांगितलेलें नसतें.