श्वासापासून कुतूहलापर्यंत

नर्स नेमकं काय करते? औषधं देते, इंजेक्शन टोचते, ताप बघते. आपल्यापैकी बहुतेकांचं उत्तर इथंच संपतं. व्हर्जिनिया हेंडरसन या अमेरिकन शिक्षिकेनं मात्र या एका प्रश्नाचा आयुष्यभर पिच्छा पुरवला, आणि त्यांना सापडलेलं उत्तर थक्क करणारं आहे.

१८९७ साली कॅन्सस सिटीत जन्मलेल्या हेंडरसन १९२१ मध्ये लष्करी नर्सिंग शाळेतून शिकून बाहेर पडल्या. ठरलेली कामं भराभर उरकायची, ही तिथली शिस्त त्यांना खटकत होती. पुढे कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात शिकवताना आणि बर्था हार्मर यांचं पाठ्यपुस्तक नव्यानं लिहिताना त्यांचा विचार पक्का होत गेला. अंगात बळ, मनात इच्छा आणि पुरेशी माहिती असती तर माणसानं स्वतःच जे केलं असतं, ते त्याच्यासाठी करायचं. आणि तेही असं, की तो लवकरात लवकर आपल्या पायावर उभा राहील.

यातून निघाली माणसाच्या चौदा गरजांची यादी. पहिली श्वासाची. मग अन्नपाणी, मलमूत्रविसर्जन, हालचाल, झोप, कपडे, शरीराचं तापमान, स्वच्छता, सुरक्षितता. इथपर्यंत सगळं शरीराचं. दहाव्या गरजेपासून मात्र यादी वेगळीच उंची गाठते: मनातलं बोलणं, आपल्या श्रद्धेप्रमाणे वागणं, काम, खेळ, आणि शेवटी शिकण्याची, कुतूहल शमवण्याची गरज. खाटेवरचा रुग्ण म्हणजे अख्खा माणूस, हे इतक्या थोडक्यात क्वचितच कुणी मांडलं असेल! पक्षाघात झालेल्याला भरवणं ही सेवा खरीच. पण त्याच्या हाती पुन्हा चमचा यावा म्हणून धीर धरणं, ही हेंडरसन यांची नर्सिंग.

१९६० मध्ये आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेनं त्यांची पुस्तिका काढली आणि ती अनेक भाषांत गेली. येल विद्यापीठात त्यांनी १९०० ते १९५९ या काळातल्या नर्सिंगविषयक इंग्रजी लेखनाची चार खंडांची सूची सिद्ध केली. पाठ्यपुस्तकाची सहावी आवृत्ती १९७८ मध्ये आली, तेव्हा त्यांनी ऐंशी ओलांडली होती. १९९६ साली, अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी त्या गेल्या.

आपल्याकडच्या नर्सिंगच्या विद्यार्थ्यांनाही आज हेंडरसन अभ्यासाव्या लागतात. तेव्हा वॉर्डातल्या सिस्टरनं ‘झोप लागली का?’, ‘पोट साफ झालं का?’ असं विचारलं, तर ‘हो हो’ म्हणून टाळू नका. त्या साध्या प्रश्नांमागे मोठं शास्त्र आहे. खरं उत्तर द्या.